अजून तीन किलो वाढवू का, डॉक्टर?

"डॉक्टर, अजून तीन किलो वाढवले तर होईल का?"

हा प्रश्न मला एका बाईंनी विचारला. वजन कमी करायला आलेल्या माणसाने वजन वाढवायची परवानगी मागावी, हे ऐकून क्षणभर मला हसू आलं. मग त्यांच्या हातातलं पत्र वाचलं आणि हसू गेलं.

बाईंचं वय ४२. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ८२ किलो. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) नऊ वर्षांपासून मधुमेह, दिवसातून दोनदा इन्सुलिन, तरीही तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ९ च्या वर. झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री मशीन लावून झोपावं लागतं. आहार, चालणं, गोळ्या सगळं करून झालेलं. सर्जननी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे बॅरिअॅट्रिक सर्जरी, सुचवली होती. घरात दहा वर्षांची आरोग्य विमा पॉलिसी, एकही हप्ता चुकलेला नाही. तरीही उत्तर एका ओळीत आलं होतं: बीएमआय ३५ पेक्षा कमी असल्याने खर्च देय नाही.

त्यांचा बीएमआय होता ३४.१. त्यांच्या उंचीला ३५ बीएमआय म्हणजे ८४ किलो. मिस्टरांनी मोबाईलवर गणित केलं होतं आणि मार्जिन ठेवून तीन किलो ठरवले होते.

मी अर्थातच नको म्हणालो. वजन मुद्दाम वाढवलं तर साखर आणखी बिघडते, यकृतावर चरबी चढते आणि मोठं झालेलं यकृत सर्जनच्या वाटेत येतं. म्हणूनच तर ऑपरेशनच्या आधी काही दिवस कमी कॅलरीचा आहार देतात. हे सगळं त्यांना समजावलं. पण त्या गेल्यावर मला प्रामाणिकपणे मान्य करावं लागलं की त्यांचा हिशोब चुकला नव्हता. नियमच असा आहे की आजार वाढवणाऱ्याला पैसे मिळतात आणि तो आटोक्यात ठेवायला धडपडणाऱ्याला मिळत नाहीत.

या लेखात मी माझं मत मांडणार आहे, आणि शेवटी तुम्हाला स्वतःसाठी काय करता येईल तेही सांगणार आहे. मत थोडक्यात असं: आपल्याकडे लठ्ठपणाच्या उपचाराची पात्रता ठरवणारी रेघ आपल्या शरीरासाठी ओढलेलीच नाही. आणि पैसे मिळतात ते फक्त शेवटच्या पायरीला, त्या आधीच्या पायऱ्यांना नाही.

पॉलिसीत नेमकं काय लिहिलेलं असतं?

तुमच्या पॉलिसीच्या पुस्तिकेत "वगळलेल्या गोष्टी" अशी यादी असते. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये ही यादी सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली आणि प्रत्येक कलमाला क्रमांक दिला. त्यातलं सहावं कलम लठ्ठपणा आणि वजन नियंत्रणाचं आहे. ते आज काढून वाचा.

त्याचा अर्थ सोप्या शब्दांत असा. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी या सगळ्या अटी पूर्ण व्हायला हव्यात:

१. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने झालेली असावी.
२. ती मान्य वैद्यकीय पद्धतीला धरून असावी.
३. रुग्णाचं वय १८ किंवा जास्त असावं.
४. बीएमआय ४० किंवा जास्त असावा. किंवा तो ३५ किंवा जास्त असावा आणि सोबत या चारपैकी एक तरी गंभीर आजार असावा: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया, किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह. शिवाय वजन कमी करण्याचे कमी त्रासाचे उपाय आधी करून ते अपयशी ठरलेले असावेत.

या कलमाची चांगली बाजू आधी सांगतो. ही यादी एकसारखी होण्याआधी अनेक पॉलिसींमध्ये लठ्ठपणाचा उपचार सरसकट वगळलेला असायचा. "कॉस्मेटिक" म्हणून फाईल बाजूला पडायची. लठ्ठपणा हा आजार आहे आणि त्याची शस्त्रक्रिया हा उपचार आहे, हे निदान कागदावर आलं. ही छोटी गोष्ट नाही.

पण आता आकड्यांकडे बघू.

हे ३५ आणि ४० आले कुठून?

बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १९९१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने तज्ज्ञांची बैठक बोलावली आणि शस्त्रक्रिया कोणाला द्यावी याची रेघ आखली: ४०, किंवा गंभीर आजार सोबत असेल तर ३५. तेव्हा दुर्बिणीची शस्त्रक्रिया या क्षेत्रात रुळलेली नव्हती. पोट उघडून ऑपरेशन व्हायचं, धोका जास्त होता. रेघ वर ठेवणं त्या काळात शहाणपणाचंच होतं.

त्यानंतर ऑपरेशन बदललं, भूल बदलली, धोका कमी झाला. २०२२ मध्ये या शस्त्रक्रियेच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून नवी शिफारस केली. ३५ च्या वर असेल तर सोबतचा आजार असो वा नसो, शस्त्रक्रियेचा सल्ला द्यावा. ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा आजार असेल तर विचार करावा. आणि आशियाई लोकांसाठी आकडे आणखी खाली धरावेत.

आपल्या पॉलिसीत मात्र १९९१ चेच आकडे बसलेले आहेत.

आशियाई लोकांसाठी वेगळे आकडे कशाला?

याचं उत्तर द्यायला पुण्यासारखं दुसरं गाव नाही. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. दोन डॉक्टर शेजारी शेजारी. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे वजनकाटा आणि उंचीपट्टी सारखंच उत्तर देत होती, पण आत दुपटीहून जास्त फरक होता.

दिसायला बारीक, आतून चरबीवाले. आपल्यापैकी अनेकांची ठेवण अशीच असते. हातपाय काटकुळे, पोट पुढे. स्नायू कमी, आणि चरबी नेमकी पोटाच्या आत, यकृताभोवती. ही चरबीच इन्सुलिनचं काम बिघडवते. म्हणून आपल्याकडे मधुमेह कमी वजनाला आणि कमी वयात येतो. तुमच्या ओळखीत बारीक अंगाचा मधुमेही माणूस नक्की असेल.

त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २३, २७.५, ३२.५ आणि ३७.५ हे कृतीचे टप्पे सुचवले. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी एकमताने आपल्या देशासाठी मर्यादा ठरवल्या. २३ च्या वर जास्त वजन, २५ च्या वर लठ्ठपणा. शस्त्रक्रियेसाठी ३७.५, आणि सोबत आजार असेल तर ३२.५.

आता हे आकडे त्या बाईंच्या उंचीला लावून बघा. १५५ सेंटिमीटर उंचीला:

• बीएमआय ३२.५ म्हणजे ७८ किलो
• बीएमआय ३५ म्हणजे ८४ किलो
• बीएमआय ३७.५ म्हणजे ९० किलो
• बीएमआय ४० म्हणजे ९६ किलो

बाई ८२ किलोच्या. भारतीय डॉक्टरांच्या मार्गदर्शनानुसार त्या शस्त्रक्रियेला पात्र आहेत, चार किलो वर आहेत. भारतीय विम्याच्या कलमानुसार अपात्र आहेत, दोन किलो खाली आहेत. गंमत म्हणजे त्याच कलमात "मान्य वैद्यकीय पद्धतीला धरून" अशी अट आहे. पद्धत एक सांगते, आकडा दुसरंच सांगतो.

लंडनमधल्या मराठी माणसाची रेघ

तुमचे कोणी नातेवाईक इंग्लंडमध्ये असतील तर त्यांना विचारा. तिथे वजनाच्या उपचाराच्या चार पायऱ्या मानतात. पहिली सर्वांसाठीची जनजागृती, दुसरी आहार-व्यायामाचे गट, तिसरी तज्ज्ञांचं पथक, चौथी शस्त्रक्रिया. तिसऱ्या पायरीवर डॉक्टर, आहारतज्ज्ञ, मानसोपचारातले जाणकार आणि व्यायामाचे मार्गदर्शक एकत्र बसतात. फॅमिली डॉक्टरने चिठ्ठी दिली की सरकारी आरोग्यसेवेतून, म्हणजे करातून, हा खर्च होतो.

तिथल्या मार्गदर्शक संस्थेने, नाइसने, स्पष्ट लिहून ठेवलं आहे की दक्षिण आशियाई कुटुंबातल्या माणसासाठी बीएमआयची मर्यादा २.५ ने खाली धरावी. म्हणजे ४० च्या जागी ३७.५, ३५ च्या जागी ३२.५.

म्हणजे बघा, सांगलीची मुलगी लंडनला गेली तर तिथला डॉक्टर म्हणतो, "तुम्ही भारतीय आहात, तुम्हाला कमी वजनालाच धोका आहे." तिची सख्खी बहीण सांगलीतच राहिली तर इथली विमा कंपनी तिला गोऱ्या माणसाच्या मापाने मोजते. भारतीय असण्याचा विचार इंग्लंडमध्ये होतो आणि भारतात होत नाही.

तिथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. प्रतीक्षा लांब असते, कुठल्या भागात राहता यावर सेवा मिळणं अवलंबून असतं. नवी औषधं तर फारच हात राखून देतात. टिर्झेपॅटाइड हे इंजेक्शन जून २०२५ पासून तिथल्या फॅमिली डॉक्टरांमार्फत मिळू लागलं. पहिल्या वर्षी त्यासाठी बीएमआय ४० आणि वजनाशी निगडित ठरावीक पाचपैकी चार आजार अशी अट ठेवली. पैसा मर्यादित असेल तर रांग लावावीच लागते, हे मला मान्य आहे. पण तिथेही दक्षिण आशियाई लोकांसाठी ४० चे ३७.५ केले. रांग लावा, पण रांगेत उभं करताना मोजपट्टी तरी बरोबर वापरा, एवढंच माझं म्हणणं.

"आधी प्रयत्न करा" म्हणणारा प्रयत्नाचा खर्च देत नाही

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने हा जास्त मोठा आहे.

कलम म्हणतं, आधी कमी त्रासाचे उपाय करून बघा. अगदी बरोबर. मीही तेच सांगतो. पण हे उपाय म्हणजे काय? आहारतज्ज्ञाकडे महिन्यातून एक-दोन फेऱ्या. भावनेच्या भरात खाणं होत असेल तर समुपदेशन. गुडघे दुखत असतील तर फिजिओथेरपी. थायरॉइड, झोप, चालू असलेली वजन वाढवणारी औषधं यांचा तपास. गरज असेल तर इंजेक्शन. हे सगळं बाह्यरुग्ण म्हणून, म्हणजे ओपीडीत होतं. आणि आपल्या बहुतेक मूळ पॉलिसी भरती झाल्यावर किंवा डे-केअरलाच पैसे देतात. ओपीडीसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं, तेही मर्यादित रकमेचं.

नव्या औषधांचा खर्च बघा. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड भारतात आलं तेव्हा सर्वांत कमी डोसची एक कुपी ३,५०० रुपयांना आणि पुढच्या डोसची ४,३७५ रुपयांना होती. आठवड्याला एक कुपी. म्हणजे महिन्याला १४ हजार ते साडेसतरा हजार. किमती बदलत राहतील, पण सगळ्या खिशातून जातात हे बदललेलं नाही. शिवाय हे औषध महिना-दोन महिन्यांचं नाही. सेमाग्लुटाइड या याच जातीच्या औषधाच्या मोठ्या अभ्यासात ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन कमी झालं. औषध बंद केल्यावर वर्षभरात कमी झालेल्या वजनापैकी साधारण दोन तृतीयांश परत आलं. रक्तदाबाची गोळी थांबवली की रक्तदाब वाढतो, तसंच हे. हा दीर्घकाळचा आजार आहे, त्याला दीर्घकाळ लागणारी मदत हवी.

शस्त्रक्रियेनंतरही तेच. भरतीनंतरचे साठ-नव्वद दिवस पॉलिसीत असतात. पण बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्या आणि गोळ्या आयुष्यभर लागतात. त्या पाठपुराव्याअभावी अशक्तपणा आणि रक्तक्षय घेऊन आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. ऑपरेशनचे काही लाख मिळाले आणि पुढचे काही हजार मिळाले नाहीत, म्हणून फायदा अर्धवट राहिला.

याचा एक विचित्र परिणाम होतो. समजा तुमचा बीएमआय ३६ आहे. तुम्ही स्वतःच्या खर्चाने सहा महिने मनापासून प्रयत्न केला आणि तो ३४.५ वर आणला. साखर अजून बिघडलेलीच आहे, पण आता तुम्ही रेघेच्या खाली आलात. प्रयत्न केल्याची शिक्षा! ज्याने काहीच केलं नाही तो पात्रच राहिला.

"खाऊन वजन वाढवायचं त्यांनी, आणि पैसे भरायचे आम्ही?"

हा आक्षेप मी लग्नसमारंभातही ऐकतो आणि डॉक्टरांच्या बैठकीतही. त्याला टाळून चालणार नाही.

पहिली गोष्ट, वजन हे फक्त इच्छाशक्तीचं फळ नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांतल्या वजनातल्या फरकाचा मोठा वाटा अनुवंशिक असतो. वजन कमी केलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च कमी करतं, ते परत वाढवायलाच बघतं. दुसरी गोष्ट, हा न्याय आपण इतर कुणाला लावत नाही. तीस वर्षं सिगारेट ओढलेल्या माणसाला हार्ट ॲटॅक आला तर अँजिओप्लास्टीचे पैसे विमा देतो, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही देते. कोणी विचारत नाही की सिगारेट का ओढली. आणि विचारूही नये. मग लठ्ठ माणसालाच का?

विमा कंपन्यांची बाजूही मी समजू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या साधारण २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त असलेले सापडले. दार सताड उघडलं तर प्रीमियम सगळ्यांचाच वाढेल. लग्नाआधी सहा किलो कमी करायचे म्हणून कोणी इंजेक्शन मागत असेल तर त्याचा भार इतरांनी का उचलावा? म्हणून अटी हव्यातच.

पण अटी कशाच्या असाव्यात? जानेवारी २०२५ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांच्या एका आयोगाने 'लॅन्सेट'च्याच एका नियतकालिकात हेच मांडलं की केवळ बीएमआयवरून आजार ठरवू नका. कंबर मोजा, आणि वजनामुळे अवयवांचं काम बिघडलं आहे का ते बघा. माझ्या मते आपल्याकडे तीन बदल तातडीने शक्य आहेत:

• मर्यादा ३७.५ आणि आजार सोबत असेल तर ३२.५ करावी.
• मोजताना उपचार सुरू होण्याआधीचं, नोंदवलेलं वजन धरावं.
• ज्यांना ही मर्यादा लागू होते त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेआधीच्या सहा महिन्यांचा आणि नंतरच्या दोन वर्षांचा ओपीडी खर्च, ठरावीक रकमेपर्यंत का होईना, द्यावा.

तिसऱ्या बदलाने काही लोकांना शस्त्रक्रिया लागणारच नाही. आणि वेळेवर उपचार न झालेला मधुमेह पुढे डायलिसिस आणि अँजिओप्लास्टीचं बिल घेऊन त्याच विमा कंपनीच्या दारात उभा राहतो, हेही हिशोबात धरायला हवं.

तोपर्यंत तुम्ही काय करायचं?

नियम बदलेल तेव्हा बदलेल. तुमचं वजन जास्त असेल आणि उपचाराचा विचार असेल तर या गोष्टी आजपासून करा.

१. उंची नीट मोजून घ्या. चपला काढून, भिंतीला टेकून, दवाखान्यात. पॉलिसी घेताना अंदाजाने सांगितलेली उंची चुकीची असू शकते. वयानुसार ती थोडी कमीही होते. त्या बाईंच्या वजनाला उंचीत दोन सेंटिमीटरचा फरक पडला तर बीएमआय जवळजवळ एकने बदलतो. (त्यांची उंची आम्ही दोनदा मोजली, १५५ च होती.) खोटं लिहायचं नाही, पण खरं काय ते माहीत हवं.

२. पहिल्या दिवसाचं वजन कागदावर आणा. प्रयत्न सुरू करण्याआधी तारीख, वजन, उंची, कंबर आणि डॉक्टरांची सही. हा कागद पुढे सोन्याचा ठरतो.

३. प्रयत्नांची फाईल ठेवा. आहारतज्ज्ञाच्या पावत्या, दर महिन्याचं वजन, दिलेली औषधं. "खूप प्रयत्न केले" याला क्लेमच्या टेबलावर किंमत नाही, तारखेसह कागदाला आहे.

४. सोबतच्या आजारांचे पुरावे मिळवा. मोठ्याने घोरत असाल आणि दिवसा झोप येत असेल तर स्लीप स्टडी करून घ्या. तासाला ३० किंवा जास्त वेळा श्वास अडखळत असेल तर तो तीव्र स्लीप ॲप्निया. मधुमेह असेल तर एचबीए१सीचे दोन-तीन रिपोर्ट, छातीचा त्रास असेल तर हृदयाची तपासणी. हे फक्त क्लेमसाठी नाही, हे आजार शोधणं तुमच्या जिवासाठी गरजेचं आहे.

५. कंपनीला आधी आणि लेखी विचारा. फोनवर मिळालेल्या "हो जाएगा"वर विसंबू नका. प्रतीक्षा कालावधी किती शिल्लक आहे, या शस्त्रक्रियेला वेगळी कमाल रक्कम आहे का, कोणती रुग्णालयं यादीत आहेत, हे ईमेलने विचारा. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं केली आहे.

६. काहीही लपवू नका. पॉलिसी घेताना मधुमेह लपवला तर पुढे लठ्ठपणाचाच काय, इतर क्लेमही अडकू शकतो.

७. नकार आला तर तो लेखी घ्या, कलमासह. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. महिनाभरात उत्तर नाही मिळालं किंवा पटलं नाही तर नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करता येते. विमा लोकपालाकडेही जाता येतं. लोकपालाची कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही. सोबत सर्जनचं पत्र जोडा आणि त्यात भारतीय मार्गदर्शक मर्यादेचा उल्लेख करायला सांगा. निकाल तुमच्या बाजूने लागेलच असं नाही, पण प्रत्येक तक्रार नोंदली जाते.

८. सरकारी रुग्णालयात चौकशी करा. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आहारतज्ज्ञ, मधुमेहाची ओपीडी आणि सर्जन एकाच आवारात असतात. काही ठिकाणी ही शस्त्रक्रियाही होते. रांग असते, पण पथक असतं. सरकारी योजनेत काय बसतं हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि एक शेवटचं. अपात्र ठरलात म्हणजे तुम्ही ठीक आहात, असा अर्थ काढू नका. विम्याची रेघ पैशासाठी आहे, तब्येतीसाठी नाही. शरीराचं वजन पाच ते दहा टक्क्यांनी कमी झालं तरी साखर, रक्तदाब आणि यकृतावरची चरबी यांत फरक दिसतो. ८२ किलोच्या माणसासाठी हे चार ते आठ किलो होतात.

त्या बाईंनी तीन किलो वाढवले नाहीत. स्वतःच्या पैशाने आहारतज्ज्ञाकडे जातात, एक औषध परवडतं ते सुरू केलं आहे. सात महिन्यांत वजन ७७ वर आलं, इन्सुलिन कमी झालं. साखर अजून हवी तशी नाही. श्वासाचं मशीन अजून लागतं. सर्जनचं मत अजून तेच आहे.

परवा तपासणीला आल्या तेव्हा वजनकाट्यावरून उतरताना म्हणाल्या, "आता तर आणखीच लांब गेले ना, डॉक्टर?" वजन पाच किलोने कमी करून आलेल्या माणसाला शाबासकी द्यायची असते. मी दिली. पण त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर "हो" हेच होतं, आणि तेही मला द्यावं लागलं.